सर्वश्रेष्ठ कॉलेज रनिंग बॅक कोण? वाद घालताना या चुका टाळा

३१ डिसेंबर २०२४ ला फिएस्टा बाउल संपला तेव्हा बॉयझी स्टेटचा ॲश्टन जेंटी त्या हंगामात २,६०१ यार्डांवर थांबला होता. ओक्लाहोमा स्टेटच्या बॅरी सँडर्सचा १९८८ चा विक्रम २,६२८ यार्डांचा. 'अवघ्या २७ यार्डांनी विक्रम हुकला', असंच सगळीकडे बोललं गेलं. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये सर्वांत मोठा रनिंग बॅक कोण, हा वाद बहुतेक वेळा अशाच एका वाक्यावरून पेटतो आणि तिथेच चुकीच्या वाटेला लागतो.

हा खेळ नव्यानं बघू लागलेल्यांसाठी दोन शब्द. रनिंग बॅक म्हणजे बहुधा क्वार्टरबॅककडून चेंडू हातात घेऊन समोरची बचावफळी फोडत धावणारा खेळाडू. अशा प्रत्येक धावेला कॅरी म्हणतात आणि पुढे नेलेलं अंतर यार्डांत मोजतात. चेंडू समोरच्या टोकाच्या गोल लाइनपलीकडे नेला की टचडाउन. नियमित हंगाम आटोपल्यावर निवडक संघांमध्ये जो सामना होतो, तो बाउल. सगळा घोळ या बाउलपाशी आहे.

अधिकृत आकडा डोळे झाकून घेणं

एनसीएए ही कॉलेज खेळांची नियामक संस्था. बाउल सामन्यांतली कामगिरी ती खेळाडूच्या अधिकृत आकड्यांत धरू लागली २००२ च्या हंगामापासून. त्याआधीच्या खेळाडूंनी बाउलमध्ये कितीही यार्ड काढले असले, तरी अधिकृत यादीत ते शून्य.

आता जेंटी आणि सँडर्सकडे पुन्हा पाहा. जेंटीचे २,६०१ यार्ड १४ सामन्यांतले, बाउलसकट. सँडर्सचे २,६२८ फक्त ११ सामन्यांतले. त्यानंतर हॉलिडे बाउलमध्ये वायोमिंगविरुद्ध त्यानं आणखी २२२ यार्ड काढले आणि ५ टचडाउन केले, ते हिशेबात नाहीत. दोघांना एकच नियम लावला तर सँडर्स २,८५० वर जातो आणि अंतर २७ चं नाही, २४९ चं होतं. अधिकृत आकडेच घेतले तरी दर सामन्याला सँडर्सचे जवळपास २३९ यार्ड पडतात आणि जेंटीचे १८६.

यात जेंटीला कमी लेखायचं मुळीच कारण नाही. पूर्ण नियमित हंगाम अपराजित राहिलेल्या ओरेगनविरुद्ध त्यानं १९२ यार्ड आणि ३ टचडाउन केले, आणि निकाल लवकर लागलेल्या सामन्यांत त्याला बाहेरही बसवलं गेलं. पण 'थोडक्यात हुकला' हे वर्णन सँडर्सवर अन्याय करणारं आहे.

याहून मोठा अन्याय रॉन डेनवर झाला. विस्कॉन्सिनच्या या धिप्पाड गड्याच्या १९९६ ते १९९९ या चार हंगामांची अधिकृत बेरीज ६,३९७. डिसेंबर २०१६ मध्ये सॅन डिएगो स्टेटचा डॉनेल पम्फ्री ६,४०५ वर पोहोचला आणि कारकिर्दीतल्या सर्वाधिक यार्डांचा विक्रम त्याच्या नावावर लागला. पम्फ्रीच्या बेरजेत त्याचे बाउल सामने आहेत. डेननं चार बाउलमध्ये काढलेले ७२८ यार्ड मात्र बाहेरच राहिले. त्यातले ४४६ तर दोन रोझ बाउलमधले, आणि त्या दोन्ही सामन्यांत तोच सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. ते धरले की डेन ७,१२५ वर जातो. विक्रमाच्या पुस्तकात काहीही छापलेलं असो, सर्वाधिक यार्ड पळालेला माणूस पम्फ्री नाही, डेन आहे.

म्हणून कुणी आकडा फेकला की आधी विचारा: किती सामन्यांत, आणि बाउल धरून की सोडून? एवढ्या एका प्रश्नानं अर्धा वाद तिथल्या तिथे मिटतो.

कारकीर्द आणि हंगाम यांची सरमिसळ

सँडर्स आधीचे दोन हंगाम थर्मन थॉमसच्या मागे राखीव होता. मुख्य रनिंग बॅक म्हणून त्याला मिळालं एकच वर्ष, त्यामुळे कारकिर्दीच्या यादीत तो वर दिसतच नाही. ओ. जे. सिम्पसन ज्युनियर कॉलेजमधून (अमेरिकेतलं दोन वर्षांचं कॉलेज) आला, त्यामुळे यूएससीकडून, म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून, दोनच हंगाम खेळला. सिराक्यूजच्या जिम ब्राउनच्या काळात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघात घेतच नसत. ती मुभा मिळाली १९७२ मध्ये, आणि नेमका त्याच वर्षी आर्ची ग्रिफिन ओहायो स्टेटमध्ये दाखल झाला. आपल्या दुसऱ्याच सामन्यात त्यानं नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध २३९ यार्ड काढले. एक वर्ष आधी आला असता तर त्या दिवशी तो मुख्य संघात नसता.

'सर्वोत्तम हंगाम कोणाचा' आणि 'सर्वोत्तम कारकीर्द कोणाची' हे दोन वेगळे वाद आहेत. ते वेगळेच घाला.

'समोर दुबळे संघ होते' असं म्हणून मोकळं होणं

हा आक्षेप रास्त असतो, पण तपासून पाहायचे कष्ट फार थोडे घेतात. सँडर्सचा १९८८ चा हंगाम सामन्यागणिक मांडून पाहा: १७८, १५७, ३०४, १७४, १८९, १५४, ३२०, २१५, ३१२, २९३ आणि शेवटी टोकियोत टेक्सस टेकविरुद्ध ३३२. सगळ्यांत वाईट दिवस १५४ यार्डांचा! बहुतेक रनिंग बॅकना हा आकडा वर्षातला सर्वोत्तम म्हणून चालला असता.

यातले ३२० कॅन्सस स्टेटविरुद्धचे आणि ३१२ कॅन्ससविरुद्धचे. त्या वर्षी कॅन्सस स्टेटनं एकही सामना जिंकला नव्हता, कॅन्ससनं एकच. ठीक आहे, दोन्ही सामने खोडून टाका. उरतात ९ सामन्यांत १,९९६ यार्ड, म्हणजे सामन्याला २२१ च्या वर. १८९ नेब्रास्काविरुद्ध होते आणि २१५ ओक्लाहोमाविरुद्ध, आणि त्या काळी बिग एट कॉन्फरन्सवर (विद्यापीठ संघांच्या गटावर) सत्ता या दोघांचीच होती. एका हंगामाचा प्रश्न असेल तर माझ्यासाठी वाद इथे संपतो. १९८८ च्या सँडर्सजवळ फिरकणारं दुसरं वर्ष मला दिसत नाही.

हीच चाळणी तुमच्या आवडत्या खेळाडूला लावा. त्याचे दोन सर्वांत सोपे सामने काढा आणि काय उरतं ते पाहा.

ट्रॉफीला अंतिम निकाल मानणं

हाइझमन ट्रॉफी दरवर्षी सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूला मतदानानं दिली जाते, आणि मतदार आपल्या काळाची माणसं असतात. १९५६ मध्ये ती नोत्र दामच्या पॉल हॉर्नंगला मिळाली. त्याच्या संघानं त्या वर्षी २ सामने जिंकले होते आणि ८ हरले होते. सिराक्यूजकडून ८ सामन्यांत ९८६ यार्ड पळालेला, कोलगेट विद्यापीठाविरुद्ध एकट्यानं ४३ गुण करणारा जिम ब्राउन पाचवा आला. तोवर एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला ही ट्रॉफी मिळाली नव्हती. पहिला मानकरी ठरला १९६१ मध्ये अर्नी डेव्हिस, तोही सिराक्यूजचाच. ब्राउनच्या नावापुढे 'हाइझमन नाही' असं लिहून त्याला खाली ढकलणारी यादी मी तरी वाचायच्या लायकीची समजत नाही.

दक्षिणेत तर दारच बंद होतं. साउथईस्टर्न कॉन्फरन्सच्या सामन्यात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरला १९६७ मध्ये, केंटकीकडून. त्याआधीच्या तिथल्या सगळ्या विक्रमयाद्या अर्ध्या मैदानाला बाहेर ठेवून तयार झालेल्या आहेत, हे विसरता कामा नये. मिसिसिपीतल्या कोलंबिया गावचा वॉल्टर पेटन १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जॅक्सन स्टेट या ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठाकडून खेळला. मोठ्या कॉन्फरन्समध्ये खेळला नाही म्हणून कितीतरी याद्यांत त्याचं नाव सापडत नाही. शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघानं १९७५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेज खेळाडूंच्या निवडीत, त्याला चौथ्या क्रमांकावर उचललं, म्हणजे पारख करणाऱ्यांना तो नीट दिसला होता.

टचडाउनची संख्याही अशीच फसवते. दोनदा हाइझमन जिंकलेल्या ग्रिफिनचे १९७५ च्या हंगामात टचडाउन फक्त ४. कारण गोल लाइन जवळ आली की चेंडू भारी अंगाच्या पीट जॉन्सनकडे जायचा.

एनएफएलचा चष्मा लावून मागे बघणं

ग्रिफिन आणि डेन एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलमध्ये, फार चमकले नाहीत, म्हणून कॉलेजमधलेही त्यांचे यार्ड हलके ठरवले जातात. अमोल मुझुमदारनं प्रथम श्रेणीत ११,००० हून अधिक धावा केल्या आणि भारताकडून एकही सामना खेळला नाही. म्हणून मुंबईसाठी त्यानं काय केलं हे कुणी पुसून टाकत नाही. इथेही तोच न्याय हवा.

संघ आणि ऑफेन्सिव्ह लाइन विसरणं

नेब्रास्काचा माइक रोझियर १९८३ मध्ये कॅरीमागे ७.८ यार्ड धावला. त्याच्यापुढे वाट मोकळी करणाऱ्या ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये डीन स्टाइनकुलर होता, सर्वोत्तम लाइनमनला मिळणाऱ्या आउटलंड ट्रॉफीचा त्या वर्षीचा विजेता. आयोवा स्टेटचा ट्रॉय डेव्हिस १९९५ आणि १९९६ मध्ये सलग दोनदा २,००० यार्डांपलीकडे गेला, आणि त्या दोन वर्षांत त्याच्या संघानं मिळून ५ सामने जिंकले. संघ हरत होता म्हणून डेव्हिसची किंमत कमी करणारे आणि संघ जिंकत होता म्हणून रोझियरची कमी करणारे बरेचदा तेच लोक असतात. एकच काहीतरी धरा.

हर्शल वॉकरबद्दलही 'जॉर्जियाचा संघच भक्कम होता' असं ऐकू येतं. १ जानेवारी १९८१, शुगर बाउल, समोर नोत्र दाम, पणाला राष्ट्रीय विजेतेपद. पहिल्या वर्षाला असलेल्या वॉकरचा खांदा सामन्याच्या सुरुवातीलाच निखळला. खांदा जागेवर बसवून घेऊन तो परत मैदानात आला आणि ३६ कॅरींत १५० यार्ड आणि दोन टचडाउन काढून गेला. त्या दिवशी जॉर्जियाच्या अख्ख्या संघाचे एकूण यार्ड होते १२७. म्हणजे त्याला वगळलं तर संघ मागेच सरकला होता. जॉर्जिया १७-१० नं जिंकली.

तीन हंगामांत वॉकर हाइझमनच्या मतदानात तिसरा, दुसरा आणि पहिला आला. तिन्ही वर्षं त्याची ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंपैकी एक, म्हणून एकमुखी गणना झाली. मग चौथं वर्ष न खेळता तो व्यावसायिक लीगकडे वळला, आणि त्यामुळेच एकूण यार्डांच्या यादीत तो आता बराच खाली दिसतो. विस्कॉन्सिनच्या जोनाथन टेलरनंही तीनच हंगाम खेळून ६,१७४ यार्ड केले, वॉकरच्या ५,२५९ पेक्षा ९१५ जास्त. पण टेलरचे सामने ४१, बाउलसकट. वॉकरचे ३३, बाउल सोडून. सामन्याला टेलर १५१ च्या आसपास, वॉकर १५९. कारकिर्दीसाठी माझं मत वॉकरला आहे, आणि टेलरच्या बाजूनं बोलणाऱ्यानं आधी या आठ यार्डांचं उत्तर द्यावं.