चार ट्रॅकवाला कॅसेट रेकॉर्डर कुरकुरतोय?

एकच ट्रॅक दबका वाजतोय? स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवा. मशीन बंद करून इअरबडवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या आणि हेड (टेप वाचणारा भाग) पुसा. कापसावर तपकिरी डाग येतोय तोवर पुसत राहा; टेपचा झडलेला ऑक्साइड आहे तो. कॅपस्टनही (टेप पुढे ओढणारा दांडा) पुसा, नाहीतर सूर डुलतो.

दोन ट्रॅक उलटे ऐकू येत असतील तर मशीन ठणठणीत आहे! तुम्ही बाजारातली गाण्यांची कॅसेट लावलीय. पोर्टास्टुडिओ (म्हणजे हाच चार ट्रॅकवाला रेकॉर्डर) चारही ट्रॅक एकाच दिशेने वाचतो.

आवाज फुगतो-आटतो? डीबीएक्स (टेपची खरखर कमी करणारी सोय) लावून रेकॉर्ड केलेली टेप डीबीएक्स लावूनच वाजवा.

सी-९० (९० मिनिटांची कॅसेट) हिची टेप पातळ असते. म्हणून मी टाइप टूची (क्रोम प्रकारच्या टेपची) सी-६०च घेतो.

अ‍ॅझिमथच्या (हेडचा टेपशी असलेला कोन ठरवणाऱ्या) स्क्रूला हात लावायचाच, तर जुन्या टेपांचं मिक्सिंग आटोपल्यावर.