पाठीवरचे मचाण : धनुष्याच्या शिकारीसाठी ट्री स्टँड आणि क्लाइंबिंग स्टिक कशा निवडाव्यात

महाराष्ट्रात मचाण म्हटले की जोंधळ्याच्या शेतातला माळा आणि त्यावर गोफण घेऊन उभा असलेला राखणदार आठवतो, नाहीतर बुद्धपौर्णिमेच्या रात्री ताडोब्यात पाणवठ्यावर नजर लावून बसलेले निसर्गप्रेमी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात शिकारीचे मचाण उरले नाही आणि ते उरू नये असेच मलाही वाटते. मी राहतो त्या अमेरिकेतील मिशिगन राज्यात मात्र परिस्थिती निराळी आहे. येथे व्हाइटटेल हरणांची शिकार परवाना, हंगाम आणि संख्येच्या मर्यादेत चालते. धनुष्याचा मुख्य हंगाम १ ऑक्टोबर ते १४ नोव्हेंबर आणि पुन्हा १ डिसेंबर ते १ जानेवारी असा असतो. बंदुकीने लांबून नेम धरता येतो, पण धनुष्याला हरीण वीस-पंचवीस यार्डांच्या आत यावे लागते. इतक्या जवळ आलेल्या हरणाच्या नाकाला आणि डोळ्यांना चुकवायचे तर जमिनीपासून पंधरा-वीस फूट वर बसण्यासारखा दुसरा उपाय नाही.

सार्वजनिक जंगलात कायमचे मचाण बांधता येत नाही, म्हणून लागते ते पाठीवर वाहून नेता येईल असे. झाडाच्या खोडाला पट्ट्याने आवळायचा छोटा धातूचा चौथरा म्हणजे ट्री स्टँड, आणि त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी खोडाला एकावर एक बांधायच्या आखूड, सुट्या शिड्या म्हणजे क्लाइंबिंग स्टिक. दुकानात गेलेला नवा माणूस आधी स्टँड पसंत करतो, उरलेल्या पैशांत स्टिक घेतो आणि हार्नेस, म्हणजे पडताना अंगाला धरून ठेवणारे पट्टे, स्टँडच्या खोक्यात आलेलेच वापरतो. माझ्या मते हा क्रम नेमका उलटा हवा, आणि पुढचे टप्पे मी त्याच उलट्या क्रमाने मांडतो आहे.

पहिला टप्पा : जमीन आणि नियम

आपण कोठे शिकार करणार हे आधी ठरवावे, कारण कोणते साहित्य चालेल हे त्यावरच ठरते. मिशिगनच्या सार्वजनिक जमिनीवर स्टँड सुटे असावे लागते, त्यावर मालकाची ओळख पटेल अशी नोंद सहज वाचता येईल अशी असावी लागते, ते १ सप्टेंबरपूर्वी लावता येत नाही आणि १ मार्चपर्यंत काढून घ्यावे लागते. झाडाची साल भेदून आत जाणारे खिळे किंवा आट्यांच्या पायऱ्या सार्वजनिक जमिनीवर चालत नाहीत. म्हणजे पट्ट्याने किंवा दोरीने बांधायच्या स्टिक हाच मार्ग उरतो. शेजारच्या राज्यांचे नियम वेगळे आहेत आणि काही ठिकाणी स्टँड रोजच्या रोज उतरवावे लागते, तेव्हा त्या-त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचल्याशिवाय खरेदी करू नये. जेथे रोज उतरवायचे आहे तेथे वजनाला फार महत्त्व येते. ओळखीच्या शेतकऱ्याच्या खासगी जमिनीवर हंगामभर एकाच झाडावर बसायचे असेल तर दणकट, जड आणि स्वस्त स्टँडही उत्तम काम देते.

दुसरा टप्पा : हार्नेस

खोक्यात फुकट येणारा हार्नेस सहसा कामापुरता असतो, पण त्याचे पट्टे अंधारात गुंततात, आणि जे घालायला त्रासदायक असते ते माणूस एखाद्या दिवशी घालायचे टाळतो. म्हणून सर्वांत आधी अंगाला नीट बसणारा, खांदे, छाती आणि मांड्या यांना धरणारा पूर्ण हार्नेस घ्यावा. दुकानात हिवाळ्याचे जाड कपडे अंगात घालूनच तो चढवून पाहावा आणि त्यावर धनुष्य ओढल्याचा आविर्भाव करून छातीवरचे बकल दोरीच्या वाटेत येते का हे बघावे.

हार्नेसबरोबर तीन गोष्टी हव्यात. पहिली म्हणजे लाइनमन बेल्ट, खोडाभोवती फिरवून कमरेच्या दोन्ही बाजूंना अडकवायची दोरी, जिच्यामुळे स्टिक बांधताना दोन्ही हात मोकळे राहतात. दुसरी, टेदर, म्हणजे स्टँडवर बसल्यावर हार्नेसपासून डोक्याच्या वर खोडाला बांधायचा पट्टा. तो इतका आखूड ठेवावा की बसल्या जागी त्यात झोल जवळजवळ राहू नये. तिसरी, लोंबकळत राहिलो तर पाय ठेवून उभे राहता येईल असा एक साधा फासा. हार्नेसमध्ये निपचित लटकलेल्या माणसाच्या मांड्यांवरचे पट्टे रक्ताचा परतीचा प्रवाह अडवतात आणि काही मिनिटांतच प्रकृती गंभीर होऊ शकते. हा फासा मुठीत मावतो, पण त्या मिनिटांत सगळे त्याच्यावर अवलंबून असते. एकाच झाडावर हंगामभर बसणाऱ्याने वरपासून जमिनीपर्यंत लाइफलाइन ही सुरक्षादोरी सोडावी आणि तिच्यावर सरकणाऱ्या, पण वजन पडताच आवळणाऱ्या प्रूसिक गाठीला जमिनीवरच स्वतःला अडकवून घ्यावे. पडण्याचे प्रसंग बसलेल्या अवस्थेपेक्षा चढता-उतरताना आणि स्टिकवरून स्टँडवर पाय टाकताना अधिक येतात.

तिसरा टप्पा : झाडे पाहून या

खरेदीपूर्वी जागेवर जाऊन मोजपट्टीने खोडे मोजावीत. नऊ ते अठरा इंच व्यासाचे, सरळ आणि जिवंत झाड बहुतेक स्टँडना चालते. त्याहून बारीक खोड वाऱ्यात डोलते, आणि त्याहून जाड खोडाला नेहमीच्या पट्ट्याचे टोक पुरत नाही. आपल्या जागी जाड ओकच जास्त असतील तर लांब पट्टे वेगळे घ्यावे लागतील, हे आधी कळलेले बरे.

अॅशच्या झाडापासून दूर राहावे. २००२ मध्ये डेट्रॉइटच्या परिसरात एमराल्ड अॅश बोरर हा हिरवा कीटक प्रथम आढळला आणि तेव्हापासून मिशिगनमधील अॅश वृक्ष लक्षावधींनी वाळले. लांबून सरळसोट दिसणारे मेलेले अॅश आतून ठिसूळ झालेले असते. दुसरी सावधगिरी शॅगबार्क हिकरीची. तिच्या सालीचे लांब ढलपे खोडापासून सुटून लोंबत असतात. पहिल्या हंगामात मी अशाच हिकरीला दुसरी स्टिक आवळली. हाताला ती घट्ट लागली, पण पूर्ण वजन पडताच खालचा ढलपा निसटला आणि स्टिक वीतभर खाली घसरली. लाइनमन बेल्टने मला धरून ठेवले. मी खोडाला गाल टेकवून दोन-तीन मिनिटे तसाच उभा होतो, आणि त्यानंतर आजतागायत हिकरीवर चढलेलो नाही. नोव्हेंबरमध्ये बाकीचे जंगल उघडे पडते तेव्हा तरुण ओकची तपकिरी पाने फांद्यांवरच टिकून राहतात आणि आडोसा देतात, म्हणून माझी पहिली पसंती ओकलाच असते.

चौथा टप्पा : स्टिक

येथे घाई करू नये. स्टँडवर आपण बसतो, पण सगळी धडपड, सगळा आवाज आणि सगळा धोका स्टिकवर असतो.

लांबीपासून सुरुवात करावी. बाजारात साधारण वीस इंचांपासून बत्तीस इंचांपर्यंतच्या स्टिक मिळतात. बत्तीस इंची स्टिक आणि तिच्या वर पाऊल सहज पोहोचेल असे वीस-बावीस इंचांचे अंतर धरले तर एका स्टिकमागे साडेचार फूट उंची मिळते. चार स्टिकमध्ये माणूस अठरा फुटांवर जातो. वीस इंची स्टिक घेतल्या तर तोच हिशेब चौदा फुटांवर थांबतो. ही तूट भरून काढण्यासाठी काही जण खालच्या पायरीला दोरीची एक-दोन पावठाणे लटकवतात. ही युक्ती वजन वाचवते हे खरे, परंतु दोरीचे पावठाण पायाखाली आत सरकते आणि अंधारात तोल सांभाळणे कठीण जाते. नवशिक्याने लांब स्टिक घेऊन दोन पाउंड जास्त वाहावेत, असे मी स्पष्टपणे सांगेन. पायरीचे अंतर आपल्या गुडघ्याला झेपेल तेवढेच ठेवावे. उंच माणसाच्या सल्ल्याने घेतलेली मांडणी बुटक्या माणसाला वर चढवते, पण उतरताना खालची पायरी सापडत नाही.

पायऱ्या एका बाजूला असलेल्या की दोन्ही बाजूंना, हा पुढचा प्रश्न. एका आड एक पायरी असलेली स्टिक हलकी असते, पण तिच्यावर दोन्ही पाय एका पातळीत ठेवता येत नाहीत. स्टिक बांधताना किंवा स्टँड लटकवताना बराच वेळ एकाच जागी उभे राहावे लागते, म्हणून निदान वरची पायरी दुहेरी असावी. पायरी आणि खोड यांच्यामध्ये बुटाचे टोक मावेल एवढी जागा सुटली पाहिजे, आणि ही चाचणी उन्हाळी बुटांनी न करता रबराच्या जाड हिवाळी बुटांनी करावी.

बांधणीचे दोन मुख्य प्रकार आहेत: दातेरी जिभेचे बकल असलेला पट्टा, आणि खुंटीवर गुंडाळायची बारीक, चिवट दोरी. पट्टा शिकायला सोपा आहे आणि त्याच्यावर विश्वास चटकन बसतो. पण पहाटे पाच वाजता, शून्याखाली तापमान असताना, हातमोजा न काढता तो पट्टा बकलच्या फटीतून ओवून पाहावा. ओल्या पट्ट्याचे टोक गोठून काडीसारखे ताठ होते, मोज्यातल्या बोटांना फट लागत नाही, आणि हात उघडा केला तर मिनिटाभरात बोटे बधिर होतात. मी पट्ट्याची टोके तिरकी कापून मेणबत्तीच्या आचेवर वितळवून टोकदार करून ठेवतो. बकल ओढताना होणारा खट् आवाजही ध्यानात ठेवावा. दोरी नीरव आणि हलकी असते, मात्र गुंडाळण्याची पद्धत हातात मुरेपर्यंत तिच्यावर वजन टाकू नये. बांधणी कोणतीही असो, आवळल्यावर स्टिक जोराने खाली ओढावी म्हणजे तिचे दात सालीवर बसतात आणि बंध आणखी ताणला जातो. हा झटका दिल्याशिवाय पाय ठेवू नये.

धातूला धातू लागला की तो आवाज थंड, स्थिर हवेत शंभर यार्डांवरच्या हरणाला जातो. म्हणून एकात एक घट्ट बसणाऱ्या स्टिक निवडाव्यात, दुकानात त्या एकत्र बांधून हलवून पाहाव्यात, आणि घरी आणल्यावर जेथे-जेथे त्या एकमेकींना टेकतात तेथे कापडी चिकटपट्टी लावावी.

पाचवा टप्पा : स्टँड

शिडीचे स्टँड सर्वांत स्थिर असते, पण ते पाठीवर जात नाही. खोडाला मिठी मारत वर सरकणारे क्लाइंबर स्टिकशिवाय चालते, परंतु त्याला खालपासून वरपर्यंत फांद्या नसलेले सरळ खोड लागते आणि मिश्र जंगलात अशी खोडे हवी तेथे कधीच नसतात. सॅडल म्हणजे कमरेच्या झोळीत बसून खोडाला टेकणे. ते सर्वांत हलके आहे, पण त्याचा सराव हा स्वतंत्र विषय आहे. नव्या माणसासाठी मी स्टिकने चढून खोडाला पट्ट्याने टांगायचे छोटे स्टँडच सुचवतो.

वेष्टनावर लिहिलेली भारमर्यादा प्रथम पाहावी. अनेक स्टँडवर ती ३०० पाउंड, म्हणजे सुमारे १३६ किलो असते. त्यात आपले उघडे वजन मोजून भागत नाही. कपडे, बूट, सॅक आणि धनुष्य मिळून वीस-पंचवीस पाउंड सहज भरतात. उत्पादकांच्या टीएमए या संघटनेच्या निकषांनुसार तपासणी झाल्याची खूणही शोधावी. अॅल्युमिनियमची स्टँड साधारण आठ ते चौदा पाउंडांची असतात, पोलादी त्याहून बरीच जड. मी सगळ्या स्टिक मिळून दहा पाउंड आणि स्टँडचे बारा पाउंड असे एकूण बावीस पाउंड, म्हणजे दहा किलोंचे ओझे वरची मर्यादा मानतो, कारण त्यापुढे मैलभर चालले की घाम येतो, आणि हरणाला सर्वांत आधी कळतो तो घामाचा वास.

चौथरा लहान घेऊन वजन वाचवण्याचा मोह टाळावा. धनुष्य ओढताना पाय खांद्यांइतके फाकवून, कमरेत वळून उभे राहावे लागते, आणि बंदुकीची शिकार करणाऱ्याला पुरेल तो चौथरा येथे अपुरा पडतो. बैठक वर दुमडून खोडाला टेकावी, म्हणजे उभ्याने नेम धरताना पोटऱ्यांना ती लागत नाही. आणि बसून बाण सोडायचा असेल तर धनुष्याचा खालचा बाहू चौथऱ्याला किंवा गुडघ्याला आपटत नाही ना, हे दुकानातच बघावे. तिरप्या खोडावरही चौथरा सपाट करता येईल अशी जुळवणी असलेले स्टँड थोडे महाग पडते, परंतु जंगलात सरळ झाडे मोजकीच असल्यामुळे तो खर्च योग्य ठरतो.

उंचीबद्दल एकच सांगतो. वीस फुटांच्या वर गेल्याने लपणे सोपे होते, पण जवळच्या हरणावर बाण इतका उभा पडतो की एकच फुप्फुस भेदले जाण्याची शक्यता वाढते आणि जखमी जनावर दूर निघून जाते. सोळा-अठरा फूट आणि मागे पानांचा आडोसा यावर मी समाधान मानतो.

सहावा टप्पा : अंगणात सराव

नवे साहित्य थेट जंगलात नेऊ नये. घरामागच्या झाडावर, जमिनीपासून दोन फुटांवर, आधी उजेडात आणि मग अंधारात, हार्नेस घालून ते बांधावे. चौथऱ्याच्या टोकावर उभे राहून स्टँड कुरकुरते का हे ऐकावे. धनुष्य कधीही हातात घेऊन चढू नये. बाणांची पाती झाकून ते जमिनीवर ठेवावे आणि वर टेदर अडकवल्यावरच दोरीने ओढून घ्यावे. उजव्या हाताने धनुष्य ओढणाऱ्याने स्टँड असे लावावे की हरणाची वाट आपल्या डाव्या हाताला पडेल, म्हणजे बसल्या जागेवरून फार वळावे लागत नाही.

हंगाम संपला की पट्टे झाडावर ठेवू नयेत. ऊन त्यांना कुजवते, खारी त्यांना कुरतडतात, आणि वसंतात झाड जाड होऊ लागले की आवळलेला पट्टा ताणून कमकुवत होतो. मी जानेवारीत सगळे उतरवून गॅरेजमध्ये पसरतो, प्रत्येक पट्टा बोटांमधून ओढत नेतो आणि जेथे शिवण खरखरीत लागते तो कापून टाकतो. न कापता बाजूला ठेवलेला पट्टा ऑक्टोबरमध्ये घाईच्या वेळी पुन्हा हातात येतो.