बिझनेस कोच लावायचा की नाही? पैसे भरण्याआधी करायची कामं

नाशिकमध्ये धंदा करणाऱ्याच्या फोनवर हल्ली दोन मेसेज नेमाने येतात: कर्ज घ्या आणि कोच घ्या. ९९ रुपयांत दोन तासांचा वेबिनार, मग हॉटेलच्या हॉलमध्ये दिवसभराची कार्यशाळा आणि संध्याकाळी सगळे भारावलेले असताना वर्षभराच्या प्रोग्रामचा फॉर्म. अंबडचा जॉबवर्कवाला (मोठ्या कारखान्यांचे सुटे भाग करून देणारा), कॉलेज रोडची बुटीकवाली, पिंपळगावचा द्राक्षांचा पॅकहाउसवाला, सगळ्यांच्या हातात फॉर्म तोच.

चांगल्या कोचचा उपयोग होतो, हे मी मानतो. पण तो एका ठरावीक दुखण्यावर होतो: धंदा मालकापाशीच अडतोय आणि मालकाला ते दिसत नाही, किंवा दिसूनही सुटत नाही. बाकीच्या दुखण्यांना वेगळी माणसं लागतात आणि त्यातली बरीच स्वस्तात, काही तर फुकट मिळतात. त्यामुळे कोच शोधण्याच्या आधी आपलं दुखणं शोधायचं.

पायरी १: दोन आठवडे वही लिहा

काम कुठे अडलं, किती वेळ अडलं आणि कोणासाठी थांबलं, एवढंच लिहायचं. रोज रात्री गाळा किंवा दुकान बंद करताना पाच मिनिटं पुरतात. मोबाइलवर नको, तिथे लिहायला गेलात की व्हॉट्सअ‍ॅप उघडतं.

समजा, अंबडला सहा सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशिनचा गाळा आहे. त्याची वही साधारण अशी निघेल. सोमवार: ग्राहकाचं ड्रॉइंग सकाळी ११ ला आलं, पण कोटेशन गुरुवारी गेलं, कारण सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) आणि मशिन अवर रेट (मशिनचा तासाचा दर) मालकाच्या डोक्यात आणि मालक दिवसभर मशिनवर. मंगळवार: दुसऱ्या शिफ्टला दीड तास मशिन उभं. इन्सर्ट (कापणाऱ्या टूलची बदलायची पाती) संपले, कपाटाची चावी मालकाच्या खिशात आणि मालक सिन्नरला. बुधवार: ४०० नग परत आले, बोअर ओव्हरसाइज, म्हणजे भोक मापापेक्षा मोठं. शुक्रवार: पगाराला पैसे कमी, मोठ्या ग्राहकाकडे ८० दिवसांपासून बिल पडून.

कार्यशाळेत या चारही गोष्टींना मिळून ‘ग्रोथ अडली’ असं एकच नाव मिळतं. वहीत त्या चार वेगळ्या दिसतात आणि चौघींवरचा इलाज वेगळा आहे.

पायरी २: कोणतं दुखणं कोणाकडे न्यायचं ते ठरवा

परत आलेले ४०० नग हे तंत्राचं काम. टूलिंग कंपनीचा अ‍ॅप्लिकेशन इंजिनिअर बोलावलात तर बहुतेक वेळा पैसे न घेता मशिनवर उभा राहून बघून जातो. त्याला त्याचे इन्सर्ट विकायचे असतात, त्याचा फायदा आपण घ्यायचा. सगळ्या शॉपफ्लोअरचीच शिस्त बसवायची असेल तर केंद्र सरकारची लीन (वाया जाणारा वेळ आणि माल कमी करायची) योजना बघा. मार्च २०२३ मध्ये ती नव्या रूपात आली, तेव्हा सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के भाग सरकारने उचलायचा असं ठरलं. झेड या दर्जाच्या सरकारी प्रमाणपत्राच्या खर्चात सूक्ष्म उद्योगाला ८०, लघु उद्योगाला ६० आणि मध्यम उद्योगाला ५० टक्के सवलत ठरली होती. दोन्हींसाठी उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) हवी. ती पूर्णपणे मोफत आहे, त्यासाठी एजंटला हजार-दोन हजार देऊ नका. अर्जाच्या आधी पोर्टलवर योजनेची आजची स्थिती बघून घ्या.

८० दिवसांचं बिल हे कायद्याचं आणि धीराचं काम. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते. पण तक्रार केली की पुढची पीओ (खरेदीची ऑर्डर) गेली, ही भीती एमआयडीसीत सगळ्यांना आहे आणि ती खोटी नाही. म्हणून आधी ग्राहकाच्या अकाउंट्स विभागाला साधी आठवण द्या: मुदतीबाहेर थकवलेलं सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल आयकरात ज्या वर्षी प्रत्यक्ष भरलं त्याच वर्षी खर्चात धरलं जातं. मार्चमध्ये या वाक्याला चांगलाच भाव येतो. ग्राहक मोठा असेल तर ट्रेड्स या ऑनलाइन व्यवस्थेवर बिल डिस्काउंट होतं का, म्हणजे थोडी रक्कम कापून पैसे आधी मिळतात का, तेही विचारा. यातल्या कशालाही कोच लागत नाही.

उरल्या कोटेशन आणि चावी. इथे मात्र थोडं थांबून बघायला हवं. मशिन अवर रेटची शीट एखादा कॉस्ट अकाउंटंट दोन-तीन बैठकांत बनवून देईल. दुसऱ्या चावीला तर चावीवाला पुरतो. शीट तयार झाली, सुपरवायझरला चावी दिली आणि अडचण सुटली, तर तुमची फी वाचली. पण शीट आहे, सुपरवायझरला ती भरता येते आणि तरी तुम्ही म्हणता, ‘पाठवायच्या आधी मला एकदा दाखव.’ तो दाखवायला येतो तेव्हा तुम्ही फोनवर असता. संध्याकाळी तुम्ही रेट पाच रुपयांनी वर-खाली करता, तेही ‘वाटलं म्हणून’. दोन महिन्यांनी तो शीट भरायचीच सोडून देतो आणि तुम्ही मित्रांना सांगता की चांगली माणसं मिळत नाहीत. हे दुखणं कोचचं. ते तुम्हाला सांगण्याची सोय ना सुपरवायझरला आहे, ना सीएला. घरच्यांनी सांगितलेलं असतं, पण घरच्यांचं आपण ऐकत नाही.

मिसळवाल्याला दुसरी शाखा काढायची असते, पण मसाला अजून तो स्वतःच पहाटे भाजतो, तीही याच जातीची गोष्ट. भावाभावांच्या भागीदारीतल्या भांडणाला मात्र कोच लावू नका. तिथे नीट लिहिलेलं भागीदारीपत्र, सीए आणि दोघंही ज्याला मान देतात असा वडीलधारा माणूस लागतो.

पायरी ३: गावातली माणसं आधी वापरून बघा

निमा आणि आयमा या इथल्या उद्योजकांच्या संघटनांच्या बैठकांना लोक वर्गणी भरूनही जात नाहीत. जा. तुमच्याएवढाच गाळा असलेला, पण तुमच्यापेक्षा चार वर्षं पुढे असलेला माणूस तिथे भेटतो आणि त्याने चहावर सांगितलेली गोष्ट कित्येकदा महागड्या प्रोग्रामच्या पहिल्या महिन्याएवढी असते. महाराष्ट्र चेंबर, जिल्हा उद्योग केंद्र, महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राची प्रशिक्षणं, मराठी उद्योजकांचा सॅटर्डे क्लब, हेही आहेत. सगळीकडे सगळं मिळेल असं नाही, पण महिनाभर फिरून बघायला काय जातं?

नाशिकची खरी ठेव मला वाटतं वेगळीच आहे. ओझरच्या एचएएलच्या विमान कारखान्यातून, सातपूरच्या मोठ्या कारखान्यांतून निवृत्त झालेली उत्पादन आणि क्वालिटीची माणसं शहरात आहेत. त्यातली काही आठवड्यातून दोन सकाळी यायला आनंदाने तयार असतात. एक अडचण सांगून ठेवतो: स्टोअरला चिठ्ठी दिली की माल येतो, या जगात त्यांनी नोकरी केलेली असते. उधारीवर स्टील आणायचं आणि शनिवारी पगार करायचा, ही कसरत त्यांना परकी वाटू शकते. शिस्त त्यांच्याकडून घ्या, रोकडीचं आपलं आपण बघा.

पायरी ४: फी उलाढालीत नव्हे, उरणाऱ्या पैशात मोजा

समजा, कोच महिन्याला २५,००० रुपये सांगतो आणि सहा महिन्यांचं बोलणं आहे. म्हणजे १,५०,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटीचे २७,०००. जॉबवर्कवाला जीएसटीत नोंदलेला असेल तर ते २७,००० त्याला क्रेडिटमध्ये, म्हणजे त्याने भरायच्या जीएसटीतून वजा होऊन, मिळू शकतात. वाढीव कामातून माल, वीज, मजुरी वजा जाता त्याच्या हातात शेकडा २० उरत असतील, तर नुसती फी वसूल व्हायला साडेसात लाखांचं जास्तीचं काम हवं.

मिसळवाल्याचं गणित आणखी कडक. तो ५ टक्के जीएसटी लावतो, क्रेडिट त्याला मिळत नाही, म्हणून खर्च पूर्ण १,७७,००० चा. एका प्लेटमागे ३० रुपये सुटत असतील तर ५,९०० प्लेट जास्तीच्या, म्हणजे सहा महिने रोज ३३. सकाळच्या गर्दीत ३३ माणसं जास्तीची बसवायला टेबलं आहेत का? हा प्रश्न आधी, कोच नंतर.

आणि वेळ. आठवड्याला एक तासाची बैठक म्हणजे घरी करायचं काम धरून चार-पाच तास. तेवढे मिळणार नसतील तर इथेच थांबा. हप्त्यांवर फी भरायची असेल तर पैसे नेमके कोणाला जातात ते वाचा. ‘नो-कॉस्ट ईएमआय’ हे बऱ्याचदा फायनान्स कंपनीचं कर्ज असतं. तुम्ही प्रोग्राम सोडला तरी हप्ता चालूच राहतो.

पायरी ५: दोन-तीन कोचना भेटा, आणि तुम्हीच मुलाखत घ्या

आपल्याकडे बिझनेस कोच व्हायला परवाना लागत नाही. उद्या सकाळी कोणीही कार्ड छापू शकतो. आंतरराष्ट्रीय कोचिंग फेडरेशनची प्रमाणपत्रं ही त्यातल्या त्यात एक खूण. त्यांच्या चढत्या तीन पायऱ्या: एसीसीला किमान १०० तास, पीसीसीला ५०० तास आणि एमसीसीला २,५०० तास प्रत्यक्ष कोचिंग केलेलं असावं लागतं. तेवढ्याने त्याला तुमचा धंदा कळतो असं नाही, पण समोर बसून ऐकून घ्यायची तालीम तरी झालेली असते. उलट ज्याने कधी स्वतःच्या खिशातून पगार दिलेला नाही, त्याच्याकडून उंटावरून शेळ्या हाकून घेण्याची तयारी ठेवा.

विचारायचे प्रश्न थोडेच. तुमच्याकडे येऊन मध्येच सोडून गेलेल्या एखाद्या माणसाशी बोलायला मिळेल का? गेल्या वर्षी कोणाला ‘तुम्हाला कोचची गरज नाही’ म्हणालात? अंबड-सातपूरमधले माझ्याच लाइनचे कोण तुमच्याकडे आहेत? हा शेवटचा प्रश्न नाशिकमध्ये फार महत्त्वाचा. तुमचे रेट आणि शेजारच्या गाळ्याचे रेट एकाच माणसाला माहीत असणं बरं नव्हे.

मग वही पुढे ठेवा आणि बघा. चांगला कोच वही वाचतो आणि विचारतो, ‘मंगळवारी चावी कोणाकडे ठेवली असती तर चाललं असतं?’ दुसरा वही बाजूला सारून ‘माइंडसेट’वर बोलतो. अर्ध्या तासात जास्त कोण बोललं, याचा मनात हिशेब ठेवा. प्रशंसेचे व्हिडिओ मात्र फारसे मनावर घेऊ नका. ते कार्यशाळेच्याच संध्याकाळी काढलेले असतील तर धंद्यात फरक पडायला वेळच मिळालेला नसतो.

‘ही किंमत आज रात्री बारापर्यंतच’ म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करा. खोटी घाई दाखवून विकणं हे केंद्राच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या पद्धतींमध्ये धरलेलं आहे. पण त्या भरवशावर पैसे भरू नका. धंद्यासाठी घेतलेली सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात सहजासहजी बसत नाही आणि ‘तुम्ही ग्राहकच नाही’ यावरच वाद सुरू होऊ शकतो.

पायरी ६: छोटा करार, छोटी मुदत

वर्षाचे पैसे एकदम देऊ नका. तीन महिने, दरमहा फी, पंधरा दिवसांच्या सूचनेवर दोघांपैकी कोणालाही थांबता येईल, एवढं कागदावर घ्या. बैठका किती आणि कुठे, प्रत्यक्ष येणार कोण (नाव मोठ्याचं आणि येतो त्याचा चेला, हे होतं), तुमचे रेट आणि ग्राहकांची नावं बाहेर जाणार नाहीत, हेही लिहा. फी देताना टीडीएस कापायचा का, ते सीएला एकदा विचारून घ्या.

मोजायला दोनच आकडे ठरवा, तेही वहीतून. आपल्या गाळ्यात ते असे असतील: ड्रॉइंग आल्यापासून कोटेशन जायला लागणारे दिवस, आणि आठवड्यात मालकाशिवाय गेलेल्या कोटेशनची संख्या. उलाढाल मोजू नका. मोठ्या कारखान्याचं शेड्यूल वाढलं की ती आपोआप वाढते आणि श्रेय भलत्यालाच जातं.

पायरी ७: तिसऱ्या महिन्यात पुन्हा वही

पहिल्या महिन्यात उत्साह असतो, त्यामुळे त्यावरून काही ठरवू नका. तिसऱ्या महिन्यात पुन्हा दोन आठवडे वही लिहा आणि जुन्या पानांशेजारी ठेवा. सुपरवायझरलाही एकटा गाठून विचारा, शेठ बदललेत का म्हणून. तो हसला तर उत्तर मिळालं.

आकडे हलले असतील तर पुढचे तीन महिने घ्या, पण बैठका निम्म्या करून. हलले नसतील तर वाईटपणा येईल म्हणून रेटत बसू नका. करारातल्या सूचनेप्रमाणे मेसेज टाका आणि राहिलेली फी चुकती करा. कोचला दिलेलं टॅली किंवा गुगल शीटचं अ‍ॅक्सेस त्याच दिवशी बंद करा आणि कंपनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधूनही त्याला काढा. हे काढायचं बहुतेक जण विसरतात आणि पुढे वर्षभर आपली रोजची डिस्पॅचची यादी बाहेरचा माणूस वाचत राहतो.