भरून आलेल्या आभाळाखाली सोलापूरचा भुईकोट: फोटो कसे काढावेत

किल्ल्यांचे पावसाळी फोटो म्हटलं की सगळ्यांना सह्याद्री आठवतो. धुक्यात बुडालेले बुरूज, हिरवेगार कडे. सोलापुरात यातलं काही मिळायचं नाही. आपण पडलो पर्जन्यछायेतले, आणि किल्लाही डोंगरावर नाही, शहराच्या मधोमध सिद्धेश्वर तलावाला खेटून उभा. पण मुलूख सपाट असल्यामुळे वादळ इथे लांबूनच येताना दिसतं. तलावाच्या काठी उभं राहिलं की पाण्यापलीकडे आभाळ मोकळं मिळतं, आणि ढग तळापासून माथ्यापर्यंत नजरेत येतो. भुईकोटाचा वादळी फोटो निम्म्याहून जास्त आभाळाचाच असतो. त्यामुळे ढग कुठून येतोय आणि ऊन कुठून पडतंय, एवढं नीट बघायला शिकलात तर कॅमेरा साधा असला तरी चालेल.

दिवस कोणता धरायचा

वर्षात दोन हंगाम कामाचे. पहिला वळवाचा, म्हणजे एप्रिल-मे ते मृगाच्या तोंडापर्यंत. दुसरा सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. उत्तरा आणि हस्ताचा पाऊस. सोलापुरात सप्टेंबर हाच सर्वाधिक पावसाचा महिना, आणि परतीचा पाऊस विजा घेऊनच येतो. मधल्या जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ नुसतं झाकोळलेलं असतं. त्याला ना आकार, ना उजेड-सावली. ते दिवस मी तरी तटाच्या दगडांचे जवळून फोटो काढायला ठेवतो.

वळवाचा दिवस सकाळीच ओळखू येतो. वारा पडलेला, अंगाला चिकचिक, जिवाची नुसती काहिली. दुपारी दोन-तीनच्या सुमारास फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे पांढरे ढग उभे चढायला लागले, आणि त्यांचा माथा पसरट होऊ लागला, की पिशवी भरायला घ्या. हवामान विभागाच्या संकेतस्थळावर रडार आणि उपग्रहाची चित्रं असतात; ढग कोणत्या बाजूला सरकतोय ते अर्ध्या-अर्ध्या तासाने बघत राहा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲपही मोबाइलवर हवंच. आसपास वीज पडत असेल तर ते इशारा देतं. फोटोसाठीही त्याचा उपयोग आहे आणि जिवासाठीही.

पाऊस हुलकावणी देईल हे गृहीत धरूनच निघा. हत्तूरला धो-धो कोसळतो आणि पार्क चौकात धूळही भिजत नाही, हे सोलापूरकरांना नवीन नाही.

आधी कोरड्या दिवशी एक फेरी

वादळ आल्यावर जागा शोधत फिरायला वेळ नसतो. म्हणून एका निवांत संध्याकाळी किल्ल्याभोवती पायी चक्कर मारा आणि चारही बाजूंनी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नंतर कामाला येतील तेच.

रचना थोडक्यात अशी. किल्ला बहमनी काळातला, दुहेरी तटाचा. आतला तट बाहेरच्यापेक्षा थोडा उंच, त्यामुळे लांबून पाहिलं की दोन थर एकावर एक दिसतात. जुन्या गॅझेटियरमध्ये त्याचं माप सुमारे २३० यार्ड लांब आणि १७६ यार्ड रुंद असं दिलंय, बाहेरच्या तटाची उंची २० ते ३० फूट. पूर्वेला तलाव, बाकी तिन्ही बाजूंनी शंभर ते दीडशे फूट रुंद खंदक. तट फार उंच नसल्याने अगदी पायथ्याशी जाऊन कॅमेरा वर केला तर बुरूज मागे कलंडल्यासारखे दिसतात आणि आभाळाची नुसती पट्टी उरते. खंदकाची रुंदी मध्ये ठेवून पलीकडून घेतलेला फोटो जास्त भारदस्त येतो.

आता दिशांचं गणित. ते एकदा कागदावर मांडून बघाच.

तलाव पूर्वेला आहे. पूर्वेच्या काठावरून किंवा सिद्धेश्वर मंदिराच्या बाजूने किल्ल्याकडे बघितलं की संध्याकाळी सूर्य किल्ल्याच्या मागे असतो. तटाचा तपशील दिसणार नाही, पण चर्यांची, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या कंगोऱ्यांची काळी रेघ, वर पेटलेले ढग आणि खाली पाण्यात त्यांचं प्रतिबिंब, असा फोटो इथूनच मिळतो. वारा सुटला की प्रतिबिंब मोडतं, म्हणून हा फोटो वादळाच्या आधीच्या स्तब्ध वेळेत घ्यायचा. मंदिराच्या आवारात कॅमेरा काढण्याआधी तिथल्या मंडळींना विचारा.

पश्चिमेच्या, म्हणजे खंदकाच्या बाजूचा हिशेब उलटा. संध्याकाळी ऊन तुमच्या पाठीवर, समोर तट. ढग पूर्वेकडे सरकला असेल आणि पश्चिमेला आभाळ फाटलं असेल, तर सोनेरी ऊन पडलेला तट आणि त्यामागे काळंकुट्ट आभाळ अशी दुर्मिळ वेळ साधते. दोन-पाच मिनिटं टिकते. इंद्रधनुष्यही याच बाजूने दिसणार, कारण ते नेहमी सूर्याच्या समोरच्या दिशेला उमटतं आणि त्यासाठी सूर्य ४२ अंशांच्या खाली यावा लागतो. मे महिन्यात म्हणजे साधारण चारनंतर.

आणखी एक बारकावा. मे महिन्यात सूर्य बरोबर पश्चिमेला मावळत नाही, उत्तरेकडे चांगला वीसेक अंश सरकलेला असतो. त्यामुळे संध्याकाळी किल्ल्याच्या उत्तरेच्या तटावर तिरपं ऊन घासून जातं आणि दगडन् दगड उठून दिसतो. सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य ऐन पश्चिमेला मावळतो, तेव्हा हा लाभ मिळत नाही. वेळाही लक्षात असू द्या: मेच्या मध्यावर सूर्यास्त सातच्या जरा आधी, सप्टेंबरअखेर सव्वासहाच्या सुमारास.

विजेच्या तारा, खांब, होर्डिंग कुठे आडवे येतात तेही याच फेरीत टिपून ठेवा. दोन पावलं डावीकडे सरकून जी तार टळते, ती नंतर कॉम्प्युटरवर पुसण्यात अर्धा तास जातो.

नियम

किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. हौशी छायाचित्रणाला अडचण नसते, मात्र ट्रायपॉड लावायचा असेल तर अशा वास्तूंमध्ये परवानगी लागते; दारावरच विचारून घ्या. ड्रोनचा विचार सोडा. दिवस मावळण्याआधी आतून बाहेर पडावं लागतं, म्हणून संध्याकाळचे फोटो बाहेरूनच घ्यायचे असं धरून चाला. ते चांगलेही बाहेरूनच येतात.

पिशवीत काय

एकच लेन्स, शक्यतो १८-५५ किंवा २४-७० मिलिमीटरसारखी. वळवाच्या आधी जो धुरळा उठतो त्यात लेन्स बदलली तर सेन्सरवर सोलापूर कायमचं वस्तीला येईल. कॅमेऱ्यावर चढवायला प्लास्टिकची जाड पिशवी आणि रबरबँड, लेन्सपुरतं भोक पाडून. काच पुसायला मऊ मायक्रोफायबरचं फडकं, आणि हात व कॅमेऱ्याचं अंग पुसायला आपला सोलापुरी टॉवेल. पाणी शोषण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. तो काचेवर मात्र फिरवू नका. लेन्सला हूड असेल तर चढवूनच ठेवा, थेंब अडतात. ट्रायपॉड न्यायचा तर जड न्या, नाहीतर मधल्या आकड्याला पाण्याची भरलेली बाटली लटकवा.

कॅमेऱ्याची जुळवणी

कॅमेरा असेल तर रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेली मूळ फाइल, चालू करा. ॲपर्चर (लेन्सचं भोक) एफ ८, आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलता) १०० ते ४००, शटर (उघडं राहण्याचा वेळ) प्रकाश देईल तसा. प्रकाशाचं मापन तटावर न करता ढगाच्या उजळ भागावर करा, किंवा एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा एकूण उजेड, उणे अर्धा ते एक स्टॉप ठेवा. काळोखातला तट रॉ फाइलमधून वर काढता येतो, जळालेला ढग परत येत नाही.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटेची जुळवणी, ऑटोवर अजिबात नको. वळवाच्या आधी धुळीमुळे उजेड पिवळट, कधी तांबूस होतो. ऑटो तो रंग चूक समजून पुसून टाकतं. ‘डेलाइट’वर किंवा ५५०० केल्विनवर ठेवलं की जे डोळ्यांना दिसलं तेच राहतं.

मोबाइलवाल्यांनी दोन गोष्टी कराव्यात. ढगावर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करायचं, मग सरकपट्टीने उजेड खाली ओढायचा. आणि नाइट मोड व एचडीआर बंद करायचे. मोबाइलला अंधाराचं वावडं असतं; तो काळ्या आभाळाला गुळगुळीत राखाडी करून देतो आणि आपल्याला वाटतं वादळ फिकंच होतं. प्रो मोड असेल तर तोच वापरा.

वादळाचे टप्पे

आधी स्तब्धता येते. तेव्हा तलावावरचा फोटो उरकायचा.

मग गार वारा येतो. पावसाबरोबर ढगातून खाली आदळलेली थंड हवा जमिनीवर चारी दिशांना पसरते, तीच ही. ती पुढे धुरळा ढकलत येते. झाडं वाकतात, पाखरं एकदम उठतात, रस्त्यावरची माणसं डोक्यावर काहीबाही धरून पळतात. वादळ फोटोत दिसतं ते इथे. नुसता किल्ला आणि ढग टिपला तर हवा दिसत नाही. फांदी, पदर, उलटलेली छत्री आली की दिसते. फांदीची हालचाल हवी असेल तर शटर १/१५ सेकंदाच्या आसपास आणि कॅमेरा टेकवलेला. उडती पाखरं हवी असतील तर १/१००० आणि आयएसओ चढवायला कचरायचं नाही.

पाऊस सुरू झाला की आडोसा घ्या आणि तिथूनच काढा. सरी दिसायला मागे काळं काहीतरी लागतं. पांढऱ्या आभाळासमोर त्या दिसतच नाहीत. भिजलेला काळा तट हा त्यासाठी आयता पडदा. १/६० ला सरींच्या रेघा येतात, १/५०० ला सुटे थेंब.

विजा

हे प्रकरण मोहाचं आहे, म्हणून आधी जिवाचं बोलू. लखलखाट आणि गडगडाट यांतले सेकंद मोजून तीनने भागा, तेवढे किलोमीटर वीज लांब. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत, तर उघड्यावरून उठायचं. बुरुजावर, तलावाच्या मोकळ्या काठावर, एकट्या झाडाखाली थांबायचं नाही. ट्रायपॉड धरून तर नाहीच. पक्क्या इमारतीत जा किंवा बंद काचांच्या चारचाकीत बसा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास जाऊ द्या.

फोटो काढायचा तो लांबच्या विजेचा. सूर्यास्तानंतर, सुरक्षित छपराखालून, कॅमेरा खिडकीत घट्ट टेकवून: आयएसओ १००, एफ ८, शटर दहा ते वीस सेकंद, फोकस हाताने लांबच्या दिव्यावर लावून ऑटोफोकस बंद. मग एकामागून एक फोटो काढत राहायचं. बहुतेक रिकामे येतात, ते खोडून टाकायचे. रस्त्यावरच्या दिव्यांनी फोटो पांढरा पडत असेल तर शटर पाच-सहा सेकंदांवर आणा. दिवसा वीज पकडण्याच्या नादाला लागू नका; त्यापेक्षा मोबाइलवर फोर-के (4K) व्हिडिओ चालू ठेवा आणि नंतर हवी ती चौकट उचला.

पाऊस थांबल्यावर

बरेच जण इथे घरी जातात. निदान पाऊण तास थांबा. वर सांगितलेलं पश्चिमेचं ऊन पडलं तर याच वेळात पडतं.

ऊन नाही पडलं तरी दगड आहेच. कोरडा असताना तट धुळकट करडा दिसतो. भिजला की दगड काळाभोर होतो आणि सांध्यांतल्या चुन्याच्या रेघा पांढऱ्या उमटतात. तटात जुन्या देवळांचे कोरीव दगडही बसवलेले आहेत. एरवी नजर त्यांच्यावरून निसटते. पण ओल्या दगडावर एका बाजूने उजेड आला की खोलगट भागात पाणी राहतं, उंचवटे आधी वाळायला लागतात आणि कोरीवकाम आपोआप उठून येतं. अशा दगडासमोर नाक लावून उभं न राहता बाजूला सरका, उजेड तिरपा येईल असं बघा. फ्लॅश नको. जंग्यांमधून, म्हणजे तटातल्या मारगिरीच्या भोकांमधून ओघळलेलं पाणी, पायऱ्यांवरचं साचलेलं पाणी आणि त्यात उलटा पडलेला बुरूज, हे सगळं मांडी घालून बसल्याशिवाय मिळत नाही. पायऱ्या मात्र शेवाळाने निसरड्या झालेल्या असतात, डोळा व्ह्यूफाइंडरला लावून चालू नका.

घरी आल्यावर

कॅमेरा लगेच कपाटात ठेवू नका. टॉवेलने टिपून, बॅटरी आणि कार्ड काढून, झाकणं उघडी ठेवून पंख्याखाली ठेवा. हेअर ड्रायरची गरम हवा नको.

संपादनात हात आखडता ठेवा. ढगांचा कॉन्ट्रास्ट थोडा वाढवा, तटाच्या सावल्या जराशा उचला, बस्स. ‘क्लॅरिटी’ची पट्टी टोकाला नेली की तटाभोवती पांढरी कड उमटते आणि फोटो लग्नपत्रिकेवर शोभेलसा होतो. दुसऱ्याच दिवशीचं आभाळ आणून चिकटवणं मला पटत नाही. सोलापूरचं आभाळ काय कमी नाटकी आहे?

फोटोखाली दोन ओळी लिहाल तेव्हा सरसकट ‘शिवकालीन किल्ला’ असं ठोकून देऊ नका. ‘सोलापूरचा भुईकोट, बहमनी काळ’ इतकं पुरे. इतिहास जोडायचाच असेल तर १८१८ सालच्या मे महिन्यात हा किल्ला इंग्रजांनी पेशव्यांच्या फौजेकडून घेतला, ही नोंद वळवातल्या फोटोखाली नेमकी बसते. सोबत तारीख, वेळ आणि कोणत्या बाजूने काढलाय तेही लिहा, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच सुमारास ऊन कुठे पडेल याची तुमच्याकडेच नोंद राहील.