परिषदेत ऐकलेलं चर्चच्या मंडळीत रुजवताना

वाशीतली नम्र सेवेवरची ख्रिस्ती परिषद संपली की ट्रान्स-हार्बर लोकलनं ठाण्याला पोहोचायला साधारण अर्धा तास लागतो. ऐरोली यायच्या आत वहीत तीनच गोष्टी लिहा: बायबलमधलं कोणतं वचन मनाला भिडलं, त्यामुळे माझ्यात काय बदलायला हवं, आणि कोणाची क्षमा मागायची आहे. वीस पानी टिपणं नंतर कोणी उघडत नाही.

पहिल्याच रविवारी व्यासपीठावरून नवी योजना जाहीर करू नका. जे आले नव्हते त्यांना आपण मागे पडलो असं वाटतं आणि नम्रतेचा धडा तिथेच हरवतो. आधी वडीलजन (मंडळीचे पुढारी) आणि तरुण संघाच्या चार-पाच जणांसोबत योहानाच्या शुभवर्तमानाचा १३ वा अध्याय वाचा; त्यात येशू शिष्यांचे पाय धुतो.

पाय धुण्याची उपासना ठेवायची तर बारा जणांना दोन घमेली, दोन तांबे, कोमट पाणी आणि प्रत्येकाला वेगळा टॉवेल लागतो. खाली सतरंजी नको, ओली होऊन पाय घसरतो; जुनी चादर घाला. पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) फक्त धुवायचं, असं ठेवू नका. येशूकडून पाय धुवून घ्यायला शिष्य पेत्रानं आधी नकारच दिला होता. सेवा करून घेणं पुढाऱ्याला जास्त जड जातं, म्हणून पाळकांचे पाय सभागृह झाडणाऱ्या मावशींनी किंवा एखाद्या युवकानं धुवावेत. मात्र आधी त्यांना विचारा, आग्रह नको. फोटो अजिबात काढू नका.

मग खुर्च्या लावण्याच्या पाळीत वडीलजनांची नावं सगळ्यात वर लिहा. तीन महिने पाळी मोडू देऊ नका.