ग्रानादात सूर्यास्त बघायला जाताय? या चुका टाळा

ग्रानादात राहायला येऊन मला सात वर्षं झाली. पुण्याहून, लंडनहून, जर्मनीतून कोणी ना कोणी नातलग, मित्रमैत्रिणी येतच असतात आणि प्रत्येकाच्या यादीत सगळ्यात वर एकच गोष्ट असते: अल्हांब्रा या जुन्या किल्ला-राजवाड्यासमोरचा सूर्यास्त. स्पेनच्या दक्षिणेतल्या या गावात तो बघण्यासारखाच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण आलेल्यांपैकी बरेच जण तो नीट न बघताच परत जातात. जागा कोणाची चुकत नाही, सान निकोलासच्या मिरादोरवर सगळे बरोब्बर पोचतात. चुकतं ते बाकीचं, आणि दरवर्षी तेच तेच चुकतं.

सूर्याकडे बघत बसणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून आधी सांगते. मिरादोर म्हणजे जिथून खालचा देखावा दिसतो तो कट्टा किंवा चौक. सान निकोलासचा मिरादोर अल्बायसीन या जुन्या वस्तीच्या टेकडीवर आहे. तिथे कठड्याशी उभं राहिलं की अल्हांब्रा समोर, दक्षिणेला दिसतो, मध्ये दारो नदीची दरी आणि मागे सिएरा नेवादाची शिखरं. सूर्य मावळतो उजव्या हाताला, गावाच्या छपरांपलीकडे. म्हणजे इथे आपण सूर्य बघायला आलेलो नसतो, त्याचा उजेड ज्या भिंतींवर पडतो त्या भिंती बघायला आलेलो असतो. अल्हांब्रा या नावाचा अरबी अर्थच मुळी 'लाल'. दुपारी त्या भिंती मळकट तपकिरी दिसतात, लाल होतात त्या शेवटच्या अर्ध्या तासात.

यातही ऋतू बघावा लागतो, आणि हे कोणी सांगत नाही. जूनमध्ये सूर्य वायव्येला मावळतो, त्यामुळे अल्बायसीनकडच्या भिंतींवरून उजेड तिरपा सरकत जातो आणि दगडाचा खडबडीतपणासुद्धा दिसतो. डिसेंबरमध्ये तो नैऋत्येला मावळतो. तेव्हा आपल्याकडची बाजू सावलीत असते, फक्त बुरुजांच्या पश्चिमेकडच्या कडा पेटल्यासारख्या दिसतात. पण हिवाळ्यात डोंगरावर बर्फ असतो. मुलासेन आणि वेलेता ही दोन्ही शिखरं सुमारे 3,400 मीटर किंवा त्याहून उंच आहेत, त्यामुळे गावातून ऊन गेल्यावरही त्यांच्यावर ते काही मिनिटं रेंगाळतं आणि बर्फ गुलाबी होतो. जूनमध्ये भिंती बघा, जानेवारीत डोंगर बघा.

भारतातल्या घड्याळाने जाणं

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये माझे मामा-मामी आले होते. मी कामावर होते. सूर्यास्त रात्री 9:40 ला आहे, घाई करू नका, मी साडेआठला येते आणि आपण बरोबर जाऊ, असं मी फोनवर सांगितलं होतं. मामांना ते पटलंच नाही. "अगं, पुण्यात जूनमध्ये सव्वासातला सूर्य जातो. इथे फार तर आठ. जागा धरून ठेवतो आम्ही." आणि साडेसहाला दोघं वर जाऊन बसले.

इथे उन्हाळ्यात साडेसहा म्हणजे टळटळीत दुपार. ग्रानादा ग्रीनिचच्याही पश्चिमेला आहे, पण घड्याळ बर्लिनचं लावतं. 1940 मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या सरकारने स्पेनची घड्याळं एक तास पुढे नेली, ती पुन्हा मागे आलीच नाहीत. त्यात उन्हाळी वेळेचा आणखी एक तास. त्यामुळे सूर्य डोक्यावर येतो सव्वादोनच्या सुमारास आणि खरा उकाडा असतो पाच ते सातमध्ये. मी पावणेनऊला पोचले तेव्हा मामी दगडी कठड्याला टेकून बसल्या होत्या, चेहरा लालबुंद, पदराने वारा घेत, आणि हातातली पाण्याची बाटली रिकामी. मला आधी त्यांची काळजी वाटली. शेजारीच 2003 मध्ये उघडलेली मशीद आहे, तिच्या बागेत त्यांना सावलीत नेलं, पाणी आणून दिलं. तिथूनही अल्हांब्रा तितकाच सुंदर दिसतो आणि गर्दी निम्मीही नसते. (बागेची वेळ फाटकावर लिहिलेली असते, ती बघून घ्या.)

सव्वानऊला आम्ही परत चौकात आलो. मामा उजवीकडे तोंड करून मोबाइल धरून उभे. सूर्याचा गोळा गेल्याबरोबर म्हणाले, "झालं, चला." तेवढ्यात मामींनी त्यांची बाही ओढली, "अहो, इकडे बघा की." अल्हांब्राचा कोमारेस बुरूज तेव्हा भाजलेल्या विटेच्या रंगाचा झाला होता आणि खालची झाडी निळसर पडत चालली होती. मामांनी मोबाइल खिशात टाकला आणि पुढची वीस मिनिटं काही बोलले नाहीत. एवढ्या उन्हातान्हात बसून ते नेमकं हेच हुकवणार होते, या विचाराने मला अजूनही हळहळ वाटते.

तेव्हा वेळ आधी बघा. जूनअखेर रात्री 9:40, डिसेंबरच्या मध्यावर संध्याकाळी 6. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात आणि सूर्यास्त एका रात्रीत तासाने अलीकडे येतो, हे लक्षात ठेवा. पश्चिमेला डोंगरांची रांग आहे, म्हणून ॲप सांगतं त्याच्या काही मिनिटं आधीच सूर्य दिसेनासा होतो. मी स्वतः सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी पोचते आणि नंतर निदान अर्धा तास हलत नाही. अंधार दाटत आला की अल्हांब्रावर दिवे लागतात, आणि आकाश अजून पूर्ण काळं नसतं ती दहा मिनिटं मला सगळ्यात आवडतात. बहुतेक लोक तेव्हा उतरायला लागलेले असतात, कठडा आपोआप मोकळा होतो. "दहा मिनिटं आधी पोचू, फोटो काढू, निघू" म्हणणाऱ्यांना मी हल्ली स्पष्ट सांगते की मग येऊ नका, पोस्टकार्ड घ्या.

सान निकोलासशिवाय दुसरं काही न बघणं

1997 मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बिल क्लिंटन कुटुंबासह इथे आले आणि त्यांनी इथल्या सूर्यास्ताची तोंडभरून स्तुती केली. तेव्हापासून हा चौक जगाच्या नकाशावर आहे. गिटार, टाळ्या, फेरीवाले, तीन-तीन रांगा. वातावरण छान असतं, एकदा जरूर अनुभवा. पण तुम्हाला काय बघायचंय ते ठरवून जागा निवडा.

सूर्याचा गोळाच क्षितिजावर उतरताना हवा असेल, तर सान मिगेल आल्तोला जा. अल्बायसीनच्या वरच्या टेकडीवर एक छोटी चर्च आहे, तिच्यासमोरच्या मोकळ्या जागेतून सगळं गाव, जुना तट आणि पश्चिमेची वेगा, म्हणजे ग्रानादाची सपाट शेतजमीन, दिसते. सान निकोलासपासून चढ वीसेक मिनिटांचा, आणि खरंच चढ आहे. जुनी तटबंदी आणि अल्हांब्रा एका नजरेत हवा असेल तर सान क्रिस्तोबाल. हिवाळ्यात मी साक्रोमोंतेच्या बाजूला, वेरेदा दे एनमेदियोला जाते. तिथून अल्हांब्रा नैऋत्येला येतो, डिसेंबरचा सूर्यही तिकडेच झुकतो आणि बुरूज त्याच्यापुढे काळे उभे राहतात. गुडघे दुखत असतील तर खालचा प्लासेता दे कार्वाखालेस. छोटासा चौक, झाडं, कारंजं, आणि अल्हांब्रा अगदी मान वर करून बघण्याइतका जवळ. माझ्या आईला तोच सगळ्यात आवडला.

पायात काहीही घालून चढणं

अल्बायसीनच्या गल्ल्यांत गुळगुळीत नदीतले गोटे उभे बसवलेले असतात, काळे-पांढरे, नक्षीत. दिसतात देखणे. पण शेकडो वर्षांच्या पावलांनी त्यांना तेल लावल्यासारखी चकाकी आली आहे. माझी चुलतबहीण फोटोसाठी नवीन टाचेच्या सँडल घालून आली होती. "हळू चालेन गं" म्हणाली. चढताना काही झालं नाही. सान मिगेलहून अंधारात उतरताना, पायऱ्या संपून गोटे सुरू होतात तिथेच पाय मुरगळला. पुढची दोन दिवसांची सहल हॉटेलच्या खोलीत, घोट्यावर बर्फ ठेवून. अल्हांब्राची तिकिटं वाया गेली, कारण तिथल्या नासरी महालांत तिकिटावरच्या ठरलेल्या वेळीच आत जावं लागतं. धड तळवा असलेले बूट घाला. सान मिगेलला जाणार असाल तर बॅटरी जवळ ठेवा आणि एकटं उतरू नका.

आणखी काही

अल्हांब्राच्या आतून सूर्यास्त बघू, हा बेत मोडीत काढा. उन्हाळ्यात दिवसाची भेट रात्री 8 ला संपते आणि सूर्य असतो अजून वर. हिवाळ्यात 6 ला संपते. रात्रीचं तिकीट वेगळं असतं आणि ते सूर्यास्तासाठी नाही.

भाड्याची गाडी घेऊन अल्बायसीनमध्ये शिरू नका. रस्त्यांवर कॅमेरे आहेत, दंड घरी येतो. प्लासा नुएव्हा या खालच्या चौकापासून छोट्या लाल बस वर जातात, मी सी31 किंवा सी32 पकडते. उन्हाळ्यात सूर्यास्ताआधीच्या तासात त्या खचाखच असतात, म्हणून जरा लवकर निघा किंवा सरळ चाला.

पाकीट पुढच्या खिशात, बॅग पोटाशी. सगळे वर बघत असतात तेव्हाच हात मारला जातो.

कालिमा नावाचा प्रकार समजून घ्या. सहारातली धूळ हवेत आली की आकाश पिवळट-पांढरं होतं आणि सिएरा नेवादा दिसतच नाही. त्या दिवशी चढू नका, खाली एखाद्या बारमध्ये बसा. पेय मागवलं की बरोबर तापा, म्हणजे खाण्याची छोटी बशी, फुकट मिळतो, ही ग्रानादाची जुनी रीत. उलट, पाऊस पडून गेल्यावर दुपारी ढग फाटायला लागले की हातातलं काम टाकून वर पळा. माझ्या सात वर्षांतल्या सगळ्यात सुंदर संध्याकाळी अशाच मिळाल्या आहेत. ढग नाहीत म्हणून खूश होणारे बरेच भेटतात. निरभ्र आकाशात रंग धरायला काही नसतं, हे एकदा बघितलं की कळतं.

देखाव्याची हमी देणारं महागडं टेबल आरक्षित करायची गरज नाही. जेवण सूर्यास्तानंतर, खाली प्लासा लार्गाच्या आसपास करा. उन्हाळ्यात रात्री साडेदहाला जेवायला बसलेली कुटुंबं, पोराबाळांसकट, तिथे रोजच दिसतात.

आणि एक शाल. गाव सुमारे 700 मीटर उंचीवर आहे. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी अर्ध्या बाह्यांत फिरलात तरी सूर्य गेल्यावर डोंगराकडून जो वारा सुटतो, त्याने दिवे लागेपर्यंत थांबणं कठीण होतं. मी बॅगेत आईची जुनी पश्मिना ठेवते. बरोबर आलेल्यांपैकी कोणीतरी ती मागतंच.