जुन्या पातळाचा स्कर्ट, आधी उजेडात धरून

सासूबाईंचं सुती पातळ जमिनीवर पसरून मी खडूने आखत होते, तर त्या ओट्यावरून ओरडल्या, "चांगलं लुगडं फाडी ऱ्हायनी का वं?" त्यांचं चुकलं नव्हतं. त्याच्या आधीचं एक पातळ मी खरंच वाया घालवलं होतं. रंग छान, काठ छान, म्हणून मधोमध कात्री लावली आणि स्कर्ट दोन धुण्यांत मागून विरला. साडीत जो भाग बसण्याखाली होता, तोच स्कर्टमध्येही बसण्याखाली आला होता.

सासरे इथे अमळनेरला प्रताप मिलमध्ये होते. कापड हातात आलं की ते आधी उजेडाकडे धरायचे. ती सवय मी उचलली. साडी दारात दोघींनी ताणून धरायची आणि हळूहळू सरकवत न्यायची. जिथे उजेड जाळीसारखा आरपार येतो, तिथे खडूने फुली. साडी साधारण साडेपाच मीटर, पण ती सगळीकडे सारखी झिजत नाही. निऱ्यांचा खालचा काठ टाचेने खाल्लेला असतो, खोचतो तिथे कपडा मऊ पडतो, खांद्याशी पिनेची भोकं असतात. आत जाणारा पहिला वेढा आणि पदर बहुतेक टवटवीत मिळतात. शंका आली तर अंगठ्यांनी दोन्हीकडून ओढा. चर्र आवाज आला की तो तुकडा गोधडीला.

आता माप. माझ्या लेकीची कंबर 24 इंच, तिला हवी असलेली उंची 26. घेर कंबरेच्या तिप्पट धरा, म्हणजे 72 इंच, आपले दोन वार. अगदी विरविरीत कापड असेल तर चौपट घेतलं तरी चालतं, जाडसर असेल तर अडीचपट पुरे. शिवणीसाठी दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच वेगळा. काठ खाली ठेवायचा, म्हणजे दुमडायचं काम वाचतं. काठापासून वर मोजा: उंचीचे 26, नेफ्याचे, म्हणजे इलॅस्टिक ओवायच्या दुमडीचे, दीड, आणि वाढीच्या टिपांचे दोन. एकूण साडेएकोणतीस. वर जी दुसऱ्या काठाची पट्टी उरते ती फेकू नका, पुढच्या वर्षी लागेल.

वाढीच्या टिपा म्हणजे आपल्या आज्या परकराला घालायच्या त्याच. काठाच्या वर चार बोटं सोडून कापड आडवं दुमडायचं आणि दुमडीपासून अर्ध्या इंचावर टीप मारायची. अशी एक टीप एक इंच खाते, दोन टिपा दोन इंच. पोरगी वाढली की उसवायची. उसवल्यावर जुन्या घडीची फिकट रेघ राहते आणि ती इस्त्रीने जात नाही, तेव्हा तिच्यावर गोट नाहीतर बारीक लेस लावून मोकळं व्हा. टिपाही संपल्या की मग ती उरलेली काठाची पट्टी खाली जोडायची.

शिवायचं असं: दोन टोकं सुलट्या बाजू समोरासमोर ठेवून एकच जोड द्या. हा जोड उजव्या कुशीला येईल. वरची कड पाव इंच दुमडा, मग सव्वा इंच दुमडून कडेने टीप घाला, दोन इंच तोंड उघडं ठेवा. इलॅस्टिक एक इंची, कंबरेपेक्षा दोन इंच कमी, म्हणजे 22. सेफ्टी पिन लावून ओवताना मागचं टोक नेफ्यालाच टाचून ठेवा, नाहीतर तेही आत जातं आणि सगळं पहिल्यापासून. टोकं एक इंच एकमेकांवर चढवून शिवा. इलॅस्टिकला पीळ पडला नाही ना, हे तोंड बंद करायच्या आधी बोट फिरवून बघा.

मोठ्या बाईला इलॅस्टिकपेक्षा कंबरेला शिवलेली पट्टी बरी दिसते. तिथे मशीनचा टाका सगळ्यात लांब करून वरच्या कडेला पाव-पाव इंचावर दोन समांतर टिपा मारा, पट्टी आणि कापड दोन्हीचे चार-चार भाग करून टाचण्या लावा, आणि फक्त बॉबीनचे, म्हणजे खालचे, दोन्ही धागे एकत्र ओढा. चुण्या आपोआप सरकत येतात. एकाच धाग्यावर भिस्त ठेवली तर तो तुटतो आणि तुम्ही रडता.

गोल घेराचा स्कर्ट मला एकदा चांगलाच नडला. पूर्ण गोलाला कंबर भागिले 6.28, अर्ध्या गोलाला भागिले 3.14, तेवढी मधल्या भोकाची त्रिज्या. 24 ला पूर्ण गोलात पावणेचार-चार इंच. मी 3.14 ने भागलं आणि पूर्ण गोल कापला. भोक 48 इंचांचं! शेवटी वर नेफा जोडून इलॅस्टिक घातलं, आणि पोरीला तोच स्कर्ट सगळ्यात आवडतो. गोल कापलात तर खालची कड लगेच दुमडू नका. कंबरेकडून दिवसभर टांगून ठेवा. तिरक्या धाग्याचं कापड लोंबतं, मग जमिनीपासून पट्टीने सारखं करून कापायचं. काठाच्या साडीला गोल नकोच, काठ वाया जातो.

आपल्याकडे सुरतेच्या सिंथेटिक साड्यांचा ढीग असतो. त्यांना 11 नंबरची सुई घाला, सुतीला 14 चालते. कडा उदबत्तीने जाळू नका, कडक होऊन मांडीला टोचतात. त्यापेक्षा आधी उलट्या बाजू आत ठेवून पाव इंचावर शिवा, कड बारीक छाटा, उलटवून पुन्हा शिवा. अस्तर मात्र सुतीच. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, उन्हात झोक्यावर बसणाऱ्या पोरीला सिंथेटिक अस्तर म्हणजे शिक्षा आहे. नवं अस्तर असेल तर रात्रभर पाण्यात घालून आटवून घ्या. आणि कापताना पंखा बंद. घाम पुसायला खांद्यावर फडकं ठेवा, पण पंखा बंदच, कारण पातळ कापड खडूच्या रेघेवरून कधी सरकलं ते कळत नाही.

खिशाचं मी शेवटी सांगतेय, पण कुशीचा जोड घालायच्या आधी लावायचा. पदराच्या मजबूत भागातून पंजाच्या आकाराचे दोन तुकडे, सात इंच खोल. कापडाच्या दोन्ही टोकांना सुलट्या बाजूला, नेफ्याच्या टिपेपासून तीन इंच खाली, एक-एक तुकडा जोडा, बाहेर उलटा, आणि कुशीची टीप खाली आणताना खिशाभोवती वळवून न्या. हात जायचं तोंड पाच इंच. तोंडाच्या दोन्ही टोकांना तीन-चार वेळा पुढे-मागे टीप मारा. आमच्याकडे त्यात कैऱ्या आणि मिठाची पुडी जाते, आणि फाटतं ते नेमकं तिथून.